पळी

रात्री अकरानंतर आमच्या गच्चीखाली
केळीचे ट्रक भरायला लागतात.
घडांची धपधप, हमालांची अहिराणी,
आणि वर, हेडफोन लावून,
मी देवाचा माणूस होतो.

गेममध्ये माझं नाव भस्मधर. क्लेरिक.
देव सात वातींचा. त्याची मूर्ती कुणी पाहिलेली नाही,
स्क्रीनच्या कडेला नुसता उजेड हलतो.
दिवसाला बारा प्रार्थना मिळतात.
बारा संपल्या की मीही इतरांसारखाच
दगड मारणारा.

खालच्या जगात मी चोपड्यातला गुरवाचा थोरला.
पूजा धाकट्याकडे गेली,
मी पंपाच्या मोटरी भरतो,
जळालेलं तांबं उलगडायचं, नवं गुंडाळायचं.
मंत्र अर्धेच येतात.

सुरुवातीला माजलो होतो, कबूल.
कुणी रक्तबंबाळ होऊन समोर आलं की म्हणायचो,
आधी गुडघे टेक.
रावेरचा लीलाधर, ज्याची कुऱ्हाड नेहमी सगळ्यांच्या पुढे,
त्याला एकदा पुलावर
तीन टक्के जिवानिशी ताटकळत ठेवलं मी,
कारण आदल्या रात्री तो माझ्या देवाला
झिरोचा बल्ब म्हणाला होता.
सगळे हसले. मीही.
मग तो पडला,
आणि माझ्या अकरा प्रार्थना तशाच शिल्लक
गल्ल्यातल्या नोटांसारख्या.

दुसऱ्या दिवशी सोमवार.
देवळातला पंखा जळाला म्हणून शिडी घेऊन गेलो.
वरून दिसत होतं:
आबा तीर्थ देतायत.
पळीच्या दांड्यावरचा नाग झिजून झिजून
आता बेडकासारखा दिसतो.
जिनिंगवाल्या शेठला एक पळी.
शेंबड्या पोराला एक पळी, त्यानं पुन्हा हात पुढे केला
तर डोळे वटारून आणखी अर्धी.
आणि ज्यानं गेल्या आठवड्यात
भर चौकात आबांना शिवी घातली होती
तो उभा, तळहात पसरून.
आबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही.
तळहाताकडे पाहिलं,
खळगा नीट झालाय का,
सांडणार तर नाही.

मी पंख्याची वायर चुकीच्या जागी जोडली.

हल्ली लढाईत मी नावं वाचत नाही.
लाल पट्टी वाचतो. जिची सगळ्यात आखूड, ती आधी.
देवाबद्दल कुणी विचारलं तर सांगतो,
नाही विचारलं तर दिवा लावून कोपऱ्यात बसतो.
पण फुकटचा दवाखानाही नाही मी.
एक टोळी निघाली होती, कोळ्यांची वस्ती पेटवायला,
गेममधलीच वस्ती, गेममधलेच मासे वाळत घातलेले,
म्हणाले, तू फक्त मागे राहा, आम्हाला जिवंत ठेव.
नाही म्हटलं.
ते दुसरा क्लेरिक शोधायला गेले, त्यांना मिळालाही.
सात वातींचा देव यावर काही बोलला नाही.
त्याला बोलता येईल असं कुणी बनवलेलंच नाही.

परवाची गोष्ट.
नवापूरची यामिनी, तिची चिचुंद्री नावाची चोरटी,
चार वर्षं जिनं आमच्यासाठी कुलपं उघडली,
गुहेच्या शेवटच्या दारात गेली.
माझ्याकडे बारावी प्रार्थना होती,
मेलेल्याला उठवणारी.
बटण सोन्यासारखं पेटलेलं.
कानात गलका: उठाड ना भो, टाइम चालना!
मी लिहिलं, यामिनी, उठवू का?

तीन टिंबं येत राहिली, जात राहिली.
खाली एक ट्रक भरून निघाला.
मग तिनं लिहिलं,
नको. ती दार उघडून गेली ना?
मग तिचं झालं.

बटणावरून बोट काढलं.
बराच वेळ कुणी पुढे सरकेना,
खजिना समोर उघडा पडलेला.

लीलाधर म्हणाला,
भो, तो तुझा झिरोचा बल्ब
लाव तिच्याजवळ.

लावला.