काळं, गाढवा

हिरव्या मुठीचं पेट्रोल, काळ्या मुठीचं डिझेल.
एवढंच लक्षात ठेवायचं होतं.
पण आईची गाडी पेट्रोलची, हाताला तीच सवय,
आणि त्या सकाळी पंपावरच्या कॉन्लथशी
रविवारच्या सामन्यावरून माझी जुंपलेली.
बोलता बोलता मी शववाहिनीला
अठ्ठावीस लिटर पेट्रोल पाजलं.

एकोणीस वर्षांचा होतो. अंगात मॅलकीचा काळा कोट, ढगळ.
मॅलकी डर्कन : मेयोतल्या चार गावांना
शेवटचं पोचवणारा माणूस.
त्याचं सांगणं एकच,
चेहरा सरळ ठेव, गाडी हळू ठेव.

पेटीत अट्रॅक्टा गिल्डी. वय एक्क्याण्णव.
सुईण. सगळा मुलूख तिनं सायकलवर पालथा घातलेला,
समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात डोकं खुपसून.
गाडीत बसलं की तिला मळमळायचं.
हे मला नंतर कळलं.

चर्चपासून पहिला मैल ठीक गेला,
नळीत उरलेल्या जुन्या डिझेलच्या पुण्याईवर.
मग चढावर
ठक.
ठक ठक.
मॅलकीनं माझ्याकडे पाहिलं, मी मॅलकीकडे,
आणि मग, देवाशपथ, दोघांनीही
मान वळवून मागे, पेटीकडे.

पांढरा धूर. एक उचकी. गाडी गप्प.
मॅलकीचा हात किल्लीकडे गेला तसा मी ओरडलो,
नको, फिरवू नको, आणखी आत ओढेल ती!
काय ओढेल?
कुंपणापलीकडे मेंढ्या चरत होत्या.
त्यांच्याकडे बघत मी म्हणालो,
हिरवी होती.

तो काहीच बोलला नाही.
हातमोजे काढले, घडी घातली, खिशात ठेवले.
शिव्या परवडल्या असत्या.

मागे एकोणतीस गाड्या.
दारं उघडल्याचा आवाज एकेक करत
पार वळणापर्यंत गेला.
पाद्रीबुवांनी झगा सावरून घड्याळ पाहिलं.
सहा जण पुढे आले, कुणी न बोलावता :
खाटीक, पोस्टमन, शाळेचा बसवाला, बेकरीतला पोरगा,
आणि क्विगली बंधू, जुळे,
ज्यांचं बांधावरून नऊ वर्षं बोलणं बंद होतं.
खांदे कमीजास्त उंचीचे. पेटी तिरकी झाली.
सावकाश, खाटीक म्हणाला,
हिनं मला पहिल्यांदा उचललं तेव्हा मी साडेचार किलोचा होतो.
आता सव्वाशेचा आहेस, थोरला क्विगली म्हणाला, चल.
आणि धाकटा हसला. म्हणजे हसला असावा.
मला फक्त पाठी दिसत होत्या.

पुढचे दोन मैल ती तशीच गेली.
मी नाही गेलो. मला गाडीपाशी थांबवलं.
त्यामुळे खांदे किती वेळा बदलले,
खड्ड्यापाशी कोण रडलं, ते मला विचारू नका.
मी पाहिला तो कॅसलबारहून आलेला व्हॅनवाला,
टाकीत नळी सोडून पिंप भरताना.
बोट बुडवलं, नाकाशी नेलं,
म्हणाला, ना धड हे, ना धड ते.
दोनशे साठ युरो.
मॅलकीनं पगारातून कापले, आठवड्याला दहा.

पुढे पबात गोष्ट वाढत गेली.
म्हणे अट्रॅक्टानंच गाडी थांबवली,
म्हणे तिला मळमळत होतं, उतरायचं होतं.
मी मान डोलावतो. कुणी पेला पुढे केला तर घेतो.
पण पंपाची पावती माझ्याकडे आहे,
तिच्यावर अट्रॅक्टाची सही नाही.

दुसऱ्याच दिवशी मॅलकीनं टाकीच्या झाकणावर
पांढरी पट्टी चिकटवली, जाड अक्षरांत : काळं, गाढवा.
गाडी पुढे भंगारात गेली. पट्टी मी नखानं सोलून आणली,
नव्या गाडीला लावली. एक कोपरा फाटलाय.

गेल्या मार्चमध्ये मॅलकीला पोचवलं.
आदल्या संध्याकाळी टाकी भरायला गेलो
तर कॉन्लथ म्हणाला, रविवारी काय घाण खेळले रे.
मी उत्तर दिलं नाही.
पट्टी वाचत होतो.