वहीत रकाना नाही

गाडी मिशनची, पण क्लच माझ्या शिव्यांवर चालतो.
पास्टर ग्रिगोरे शेजारी बसून ऐकलं न ऐकलंसं करतात,
चढ आला की मात्र काहीतरी पुटपुटतात.
गाडीसाठी असेल, माझ्या जिभेसाठी असेल,
मास्कमागून कळत नाही.

मागे बटाटे, तेल, मक्याचं पीठ, साबणाच्या वड्या,
आणि एका खोक्यात जपून ठेवलेली
फोनची कार्डं.
मोल्दोव्हातल्या या गावांत यंदा आई कार्डातूनच येते.
आई इटलीत असते, कुणाचीतरी म्हातारी सांभाळते,
तिला न्हाऊ घालते, भरवते.
मार्चमध्ये म्हातारी गेली, तिच्यामागे पगार गेला,
सीमा बंद झाली
आणि आई तिथल्या तिथे राहिली.

यादीत एकतीस नावं. सोळा ते बावीस वयाची.
लहानग्यांसाठी पैसे लवकर येतात, पास्टर म्हणतात,
त्यांचे डोळे मोठे असतात ना.
पोराला मिसरूड फुटलं
की जगाला वाटतं, झालं याचं.

पैसे कॅनडातून आलेत. तिथल्या एका बाईंची चिठ्ठी आहे:
चर्च बंद, वेदीवर फुलं ठेवायला कुणी नाही,
तर फुलांचे पैसे तेवढे पाठवते.
मी देव मानत नाही. बस बंद पडली म्हणून ही नोकरी धरली.
पण ती चिठ्ठी ऐकल्यापासून
पोतं उचलताना जरा बेतानं उचलतो.
बटाट्यांना कोंब आलेत, पांढरे, बोटभर.

सावा अक्रोडाच्या झाडावर भेटला.
खाली रेंज नाही, म्हणून गणिताचा तास फांदीवर.
"दोन मिनिटं," तो वरून ओरडला, "समीकरण सुटतंय."
आम्ही खाली उभे राहिलो, पीठ घेऊन,
एक पास्टर आणि एक ड्रायव्हर,
समीकरण सुटेपर्यंत.

रुक्सांद्रा शिवणाच्या बंद कारखान्यामागे राहते.
अनाथगृहानं अठराव्या वाढदिवसाला तिला एक ब्लँकेट दिलं
आणि फाटक दाखवलं.
सामान उतरवलं, सही घेतली, मग पास्टर घुटमळले:
"एक फोटो लागतो. तिकडे पाठवायला."
ती पोत्याशेजारी उभी राहिली. मी फोन धरला.
"हसायचं का?" तिनं विचारलं.
पास्टर काही बोलले नाहीत.
"मास्क आहे," ती म्हणाली, "तुम्हीच लिहा, हसली म्हणून."

फोटो निघाला. त्यात पोतं स्पष्ट आलंय.

आम्ही गाडीत बसलो तशी ती धावत आली,
काचेतून एक पिशवी आत सारली. अक्रोड. दोनेक किलो.
"घेता येत नाही, बाळ," पास्टर म्हणाले, "नियम आहे."
"नियम तुमचा," ती म्हणाली, "झाड माझं."
झाडही तिचं नव्हतं, सरकारी होतं, रस्त्याकडेचं.
ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

पुढच्या वळणावर त्यांनी वही काढली.
नाव, वय, किलो, सही.
दिलेल्याचे रकाने चार,
आलेल्याचा एकही नाही.
पेन्सिल बराच वेळ कागदाच्या वर तरंगत राहिली.

मग म्हणाले, "थांबव जरा."
पिशवीतले दोन अक्रोड गाडीच्या दाराच्या फटीत धरून
दार ओढलं. कडाक्.
एक माझ्या हातावर ठेवला.
आम्ही मास्क खाली केले, एकमेकांपासून दूर,
तो त्या बाजूला, मी या बाजूला, मध्ये इंजिन.
तीन महिने शेजारी बसलेल्या माणसाचं तोंड
मी आत्ता पाहिलं.
पुढचा एक दात नाही. अक्रोड दाढेनं चावावा लागतो त्यांना.

"कडू आहे," मी म्हणालो.
"साल काढ," ते म्हणाले.

अजून नऊ घरं होती. ऊन उतरत होतं.
मी क्लच दाबला
आणि या वेळी शिवी
दोघांनी मिळून दिली.