मीटर क्रमांक चारशे सतरा

मीटर क्रमांक चारशे सतरा पैसे गिळतो
आणि ढेकरसुद्धा देत नाही.
वर तीनदा कळवलंय मी.
ते म्हणतात, अर्ज पोचला.

लीलंड व्हँडरकोल्क दर मंगळवारी तिथेच ट्रक लावतो,
औषधाच्या दुकानासमोर, नदीकडे तोंड करून.
पलीकडचा मीटर नीट चालतो, हे सांगून झालंय.
पण पलीकडे मेपलचं झाड आहे, पक्षी बसतात,
आणि शेव्हरोलेच्या टपावर शिंतोडा पडलेला
त्याला खपत नाही.

आज पुन्हा पावली टाकली.
मीटर पावला नाही.
त्याने एक ठोसा दिला, खालून, बरगडीत,
मग कान लावला.
एकतीस वर्षं लान्सिंगच्या कारखान्यात
त्याने गाड्यांना दारं बसवली;
कशालाही आधी ठोकून पाहतो,
शिव्या नंतर.

"ॲप घ्या," मी म्हटलं.
"कशाला?"
"फोनवरून पैसे भरता येतात."
त्याने फोन काढून दाखवला,
घडी पडणारा, झिजल्या साबणाएवढा.
ते बोलणं तिथेच संपलं.

पुढे एक होंडा उभी होती, चंदेरी,
रस्त्यावरच्या मिठाने पोट पांढरं झालेली.
"बघ," तो म्हणाला, "परकी."
युनियनच्या आवारात असलीला थारा नव्हता,
कुंपणाबाहेर, चिखलात.
मुलगी, मॅरिट, नाताळात असलीच घेऊन आली
तर त्याने दारात लावू दिली नाही.
दोन घरं सोडून ती बर्फातून चालत आली,
हातात बटाट्यांचं गरम भांडं,
आणि जेवताना म्हणाली,
बाबा, माझी ओहायोत जन्मली.
तुझा ट्रक मेक्सिकोतला. दारावरचा नंबर वाच.

वाचला त्याने. रात्री, बॅटरी घेऊन, स्लिपर घालून.
पहिला आकडा तीन.
हे सांगताना तो मीटरकडे बघत होता.
"असू दे तीन," मग म्हणाला,
"आडनाव तर घरचंच आहे."

होंडाचं मागचं दार नीट लागलेलं नव्हतं.
आत दिवा जळत होता,
लहान मुलाची खुर्ची, एकटा मोजा.
संध्याकाळपर्यंत बॅटरी उतरलीच असती.
लीलंडने इकडेतिकडे पाहिलं, चोरासारखं,
दार वीतभर उघडलं
आणि लावलं.

थप्प.

एवढंच. जाड, बुटका आवाज, मागे थरथर नाही.
त्याने पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.
हातमोजा काढून
फटीत नख घातलं, वरून खालपर्यंत नेलं,
कुठे अडतंय का बघत.
नख अडलं नाही.
"ज्याने कुणी बसवलंय," तो म्हणाला,
"घाई नाही केली त्याने."

होंडाचा मीटर तेवढ्यात लाल झाला.
लीलंडने खिसे चाचपले,
एक पावली निघाली, लोकरीचे धागे चिकटलेली,
ती तिथे घातली. ती मात्र लगेच पावली.
मग माझ्याकडे वळून, रागाने,
जणू मीच घालायला लावली:
"लहान मूल आहे तिचं. पळत येईल, घसरेल."

आता चारशे सतरासमोर मी, आणि पावतीपुस्तक.
त्याने ठोकलेलं मी पाहिलं होतं.
टाकलेलंही पाहिलं होतं.
पण यंत्र लाल म्हणतंय, आणि कोपऱ्यावरचा कॅमेरा
माझ्याही पगाराकडे बघतो.
"लिही," तो म्हणाला. "वळणदार लिही."

शेव्हरोले. निळा. अकरा वाजून वीस.
तिसऱ्या ओळीला पेन गोठलं.
मी झटकलं, फुंकर मारली,
स्वेटरवर घासलं.
लीलंड थोडा वेळ थांबला,
मग त्याने तळहात पुढे केला.
"आण इकडे. आधी ठोकून बघू."