विषय क्रमांक सात

सभेची वेळ चार. गणपूर्तीला साडेपाच वाजले.
मी बांधकाम विभागाची लिपिक, इतिवृत्ताचं रजिस्टर माझ्याकडे,
लाल कापडी बांधणीचं, कोपऱ्यात शाईचा डाग,
तो माझ्या आधीच्या नेहेतेभाऊंच्या हातचा.

खिडकीतून दीपनगरच्या चिमण्या दिसतात.
वारा इकडचा असला की टेबलावर राखेचा पापुद्रा बसतो,
बोटानं त्यात नाव लिहिता येतं.
इतक्या जवळ वीज तयार होते,
आणि आमच्या सभागृहातला पंखा
पाचवर ठेवला तरी एकचाच वारा देतो.

विषय सात. विकास शुल्कात वाढ करणे,
व जमा रकमेतून ऊर्जेच्या कामांचा अग्रक्रम ठरविणे.
फेगडे इंजिनिअरांनी चष्मा पुसून कामं वाचली.
बसस्टँडच्या चौकात हायमास्ट.
तापीवरच्या पंपघराला सौर पॅनल,
कारण पंपाचं बिल थकलंय आणि नळाला पाणी पाचव्या दिवशी.
आणि गट नंबर एकशे अठ्ठ्याऐंशी,
बिनशेती प्लॉटांची वस्ती, तिथले पथदिवे.
शेवटच्या कामावर कुणी थांबलं नाही.
चौकातला उजेड कसा, फोटोत येतो.

शिवाय छतावर पॅनल बसवील
त्याला शुल्कात दहा टक्के सूट.
मागच्या बाकावरून इस्माईल पिंजारी उठले:
"साहेब, आमना घरले छत नही, पत्रा शे.
पत्रावर सूर्य रोज बसस. त्यानी काही सूट?"
सगळे हसले. अध्यक्षांना पाणी पिताना ठसका लागला.
प्रेक्षकांना बोलण्याचा अधिकार नाही,
म्हणून मी ते लिहिलं नाही.
ठसकाही नाही.

एकशे अठ्ठ्याऐंशीची चलनं मीच फाडते.
लोक पावती गव्हाच्या कोठीत ठेवतात, घडीवर घडी घालून;
मुलाचं घर वर चढलं की तीच पावती आणून दाखवतात,
"हे भरलंय ना आम्ही?"
मी म्हणते, ते तळमजल्याचं.
आठ वर्षांपूर्वी तिथे खांब आले, उभे राहिले.
दिव्याच्या जागी जी वाकडी नळी आहे
तिच्यात चिमण्यांनी घरटी केली. त्या दुसऱ्या चिमण्या.
त्यांच्याकडून आपण अजून काही घेत नाही.

"मंजूर असणाऱ्यांनी हात वर करावेत."

वीज गेली.

जनरेटरच्या डिझेलचं बिल विषय अकरावर होतं.

मार्गशीर्षातली संध्याकाळ, काळोख लगेच दाटला.
खिडकीत फक्त दीपनगरचे लाल दिवे,
विमानांसाठीचे, लागत होते, विझत होते.
त्या लाल क्षणात हात दिसायचे, पुढच्या क्षणी नाही.
कुणीतरी मोबाइल शोधत होतं.
तेवढ्यात डाव्या रांगेतून, बांगड्या आधी वाजल्या,
मग आवाज, मोठा नाही, पण सरळ:
"मनं नही. खांबवर दिवा नही शे,
पावतीवर तीनदाव शे."

त्या रांगेत चार बायका बसतात.
चौघींचे नवरे बाहेर व्हरांड्यात, चहाला.
अडीच वर्षांत त्या रांगेचा आवाज
मी हजेरीपुरता ऐकलेला.

वीज आली तेव्हा सगळे हात खाली होते
आणि चौघीजणी समोरच्या अजेंड्याकडे बघत होत्या.
अध्यक्ष म्हणाले, "सर्वानुमते. लिहा."

मी लिहिलं: एक नकार. नाव कळले नाही.

पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना
मुख्याधिकारी म्हणाले, हे कशाला, खोडा.
मी म्हटलं, नाव सांगितलं तर दुरुस्त करते.
सभागृहात कुणाला काही आठवेना.
शेवटी 'सर्वानुमते'वर पट्टी धरून रेघ मारली,
वर 'बहुमताने' लिहिलं, बाजूला सही घेतली.

हायमास्ट उभा राहिला. चांगला आहे.
एकशे अठ्ठ्याऐंशीच्या गच्च्यांवरून
त्याचा उजेड दिसतो, म्हणतात,
ज्यांना गच्ची आहे त्यांना.