चार अंश

बोट्सफ्योर्दच्या आधी अकरा मिनिटं
कॉकपिटमधून सुन्निवाचा आवाज आला, सपाट,
कॉफी उरलीय का विचारावं तसा:
"माझ्या आणि ऑडच्या होकायंत्रात
चार अंशांचं भांडण आहे.
मागे कुणाचं काही चालू आहे का, बघ."

दोन होकायंत्रं.
एक म्हणतं हो,
दुसरं विचारतं, हो का?

एकोणचाळीस खुर्च्या, माणसं सतरा.
डिसेंबरातले दुपारचे दोन, म्हणजे रात्रच.
खाली बारेंट्स समुद्र असणार.
असणार असंच म्हणायचं, दिसत काही नाही.
पुढे डोंगर, तोही असणारच.

एकोणीस वर्षं मी ते वाक्य म्हणतेय
पट्ट्याचं बकल हवेत धरून:
कृपया आपली सर्व उपकरणं...
कुणी मान वर करत नाही.
खरं सांगायचं तर म्हणताना मीही
घरी दूध आहे की संपलं, ते आठवत असते.

आज वाकून वाकून विचारलं.
दुसऱ्या रांगेतल्या बाईंनी पडदाच दाखवला,
त्यावरचं छोटं विमान, "हे बघा," चिडून.
चौथ्या रांगेतल्या आजोबांनी
कानातलं यंत्र काढून तळहातावर ठेवलं:
"हेही?"
मी नको म्हणाले, ते त्यांना ऐकू गेलं नाही.
मुठीत धरून बसले उतरेपर्यंत.

नवव्या रांगेत वैदोतास,
खेकड्याच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो,
सुट्टीवरून परतत होता, क्लायपेडाहून.
"बंद आहे," म्हणाला.
मग गप्प झाला.
मग पट्टा सोडून उठलाच,
डोक्यावरच्या कप्प्यातून पिशवी ओढली.
लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला फोन,
चालू.
हातात घेतला तर गरम,
कोंबडीखालून काढलेल्या अंड्यासारखा.

ऑडनं नंतर सांगितलं,
टॉवर जवळ असला की फोन कुजबुजतो.
कुठेच नसला
की अंगात असेल नसेल ती ताकद लावून ओरडतो:
कुणी आहे का, कुणी आहे का,
मोज्याच्या आत,
कुणालाही ऐकू न जाता.

वैदोतासनं तो बंद केला.
"आला जागेवर," सुन्निवा म्हणाली.
तरी आम्ही वर चढलो, डोंगराला वळसा घातला,
आणि तिथे, मोकळ्या अंधारात,
तिला खात्री करून घ्यावीशी वाटली:
"आता परत चालू करायला सांग."

दोन मिनिटं आम्ही तिघं वाट पाहत होतो,
मी, वैदोतास, फोन.
पडद्यावर एक गोल फिरत राहिला.
काटा
हलला नाही.
"हं," म्हणाली सुन्निवा.
एवढंच. "हं."

फॉर्मवर रकाने असतात.
उपकरणाचा प्रकार. आसन क्रमांक. उंची.
बंद केल्यावर बिघाड थांबला का: होय.
चालू केल्यावर परत आला का: नाही.
काटा किती सरकला, ते लिहिलं.
माझ्या अंगावर आला, त्याला रकाना नव्हता.
कारण, ह्या शब्दापुढे
ऑडनं तीनदा पेन टेकवलं
आणि शेवटी तिथे एक बारीक निळा ठिपका राहिला.

ते नंतरचं.
त्याआधी उतरलो आम्ही, नीट,
बर्फावर चाकं जरा कुरकुरली तेवढीच.
सगळ्यांचे फोन एकदम चिवचिवले.
बाई हसली कुणाशी तरी. आजोबांनी मूठ उघडली.
मी दारात उभी, निरोपाचं म्हणत,
आणि खाली, दिव्याच्या पिवळ्या वर्तुळात,
वैदोतास टोपी न घालता उभा,
फोन डोक्याच्या वर धरून.
आधी समुद्राकडे वळला.
मग डोंगराकडे.
मग पुन्हा समुद्राकडे,
आणि तिथून थोडासा,
अगदी थोडासा,
डावीकडे.