उलटा बंब

उद्यमनगरात एप्रिलमध्ये
भट्टीची धग कुठली आणि उन्हाची कुठली
हे पाठीला कळत नाही.
माझ्या टेबलावर तिसरीच आग होती,
नखाएवढी,
पंख्याखाली किंचाळणारी.

चौदाशे अंशांचा रस साच्यात उतरल्यावर
कुठं आधी थिजेल, कुठं शेवटी,
एवढंच तिला मोजायचं होतं.
दुसऱ्याच्या निवण्याचा हिशोब करता करता
स्वतःच तापून
सत्त्याऐंशी टक्क्यांवर डोळे मिटायची.
तीन वेळा झालं असं.
पंपाची एक बॉडी, आणि शिरोलीहून गिऱ्हाइकाचे फोन.

बंद पडलेल्या फौंड्रीच्या पॅनेलमधली बसबार,
बारा मिलिमीटर जाड, भंगारात किलोवर मिळालेली,
ती घेऊन सत्तारभाई शिकलगारांच्या मिलिंगवर गेलो.
(आमच्याकडं बायकाही 'गेलो'च म्हणतात.)
चित्र बघून ते म्हणाले,
"पाणी आत, पाणी भाईर, मधी ताप.
राजमती, ह्यो बंबच की गं!"
"उलटा," मी म्हटलं.
"ह्यात पाणी तापवायचं न्हाई. खालचं निववायचं."
"उलटा बंब," ते स्वतःशीच बोलले
आणि व्हाइसमध्ये तांबं आवळलं.

तांबं चिकट.
तिसऱ्या नाळीत कटर मोडला,
फरशीवर बुगडी पडावी एवढाच आवाज.
"ह्याला तेल चालत न्हाई. दूध आण जा.
म्हशीचं. पाणी न घातलेलं."

गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर धार काढली,
फेसासकट लोटी भरली.
"हितंच पी की," गवळी म्हणाला.
"मशीनला पाहिजे."
त्यानं म्हशीकडं बघितलं.
म्हशीनं माझ्याकडं.

थेंब थेंब दूध कटरवर.
धूर निघाला तो खव्याच्या वासाचा,
शेजारच्या शेडमधली पोरं डबे उघडून आत आली.
अकरा नाळी, एकीचं पाणी दुसरीत,
मधल्या भिंती पापडाएवढ्या.
झाकणाला नंबरप्लेटवाल्याकडचं अॅक्रिलिक,
कोपऱ्यात 'एमएच ०९' अजून पुसट.
माशांच्या टाकीचा पंप, भंगार व्हॅनच्या हीटरची जाळी,
गवंड्याची लेव्हलची नळी,
बॅटरीवाल्याकडचं पाणी.

मग काचेवर पॉलिश पेपर,
चारशे, आठशे, दोन हजार नंबर,
मनगट भरून येईपर्यंत.
तांब्यात आधी ट्यूबलाइट आली,
मग माझी भुवई,
शेवटी भुवईवरचा तो व्रण,
जो आरशात मी बघत नाही.

रात्रभर नुसतं पाणी फिरवलं, खाली पेपर अंथरून.
तीन वाजता निविदा सूचनेतला 'नि' फुगला.
टेफ्लॉनचे आणखी दोन वेढे.
उजाडेपर्यंत 'नि' वाळला होता, जरा वाकडा,
पण वाळला होता.

सकाळी अप्पा मागं स्टुलावर.
अडतीस वर्षं त्यांनी साचे भरले, कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही.
पंखा गप्प, नुसता पंपाचा गुणगुण आवाज.
शहाण्णव अंश असायचे तिथं एकसष्ट.
सत्त्याऐंशी टक्के.
मी श्वास धरला.
अठ्ठ्याऐंशी.
अप्पा उठले, काळ्या मातीचं बोट पडद्यावर टेकवलं:
"हितं. ह्या कानाच्या बुडाला पोकळ येणार."

सगळं निळं होत गेलं,
लाल फक्त एका ठिकाणी उरलं,
बोटाच्या डागाखाली.
"राइजर वाढव," म्हणाले,
आणि चहाला गेले.

मी डाग पुसला नाही.

संध्याकाळी सत्तारभाई आले.
आकडे त्यांनी बघितलेच नाहीत.
टाकीचं झाकण काढलं, करंगळी बुडवली,
बराच वेळ तशीच ठेवली.
"कोमट हाय," ते म्हणाले.
"आंघोळीला पुरायचं न्हाई."