नंतरचा रकाना

यशोधनच्या वहीच्या शेवटच्या पानावर
पट्टीने आखलेले तीन रकाने:
आत्ता. जमलं तर. नंतर.
वर गोल करून आकडा, अठ्ठेचाळीस हजार.
त्यातले एकतीस माझे,
बाकीचे त्याने घणसोलीतल्या चार पोरांना
गणित शिकवून साठवलेले.

मी रबाळ्याच्या एमआयडीसीत जळक्या मोटारी भरतो.
कोर म्हटलं की मला पत्र्यांची चळत दिसते.
त्याला सहा कोर म्हटलं
की जेवायचं सुचत नाही.

महिनाभर हेच.
रात्री ठरलेला प्रोसेसर सकाळी बदलतो.
अकराशे रुपये इथून उचलून तिथे ठेवले
की खालच्या सगळ्या ओळी खोडायच्या.
अंथरूण तेवढंच,
पाय मात्र झोपेतही वाढतात.

पॉवर सप्लायपुढे त्याने लिहिलं होतं:
स्वस्तातला चालेल.
तिथे मी पहिल्यांदा पेन मागितलं.
म्हटलं, माझ्या टेबलावर येतात ना
ती काळी पडलेली तांब्याची वेटोळी,
निम्मी या ‘चालेल’नेच जाळलेली असतात.
कापायचं तर काच काप.

दोन दिवस बोलला नाही.
मग काच गेली, रंगीत दिवे गेले,
साध्या पत्र्याची पेटी आली
आणि साडेपाचशे वॅट राहिले,
नामवंत कंपनीचे, पावतीसकट.

ग्राफिक्स कार्ड जुनं. खारघरला, अकराव्या मजल्यावर,
देवव्रत नावाचा मुलगा जर्मनीला निघालेला,
बॅगा अर्ध्या भरलेल्या, पलंगावर स्वेटर.
त्याने कार्ड लावून दाखवलं.
पडद्यावर कुठलंसं जंगल पेटलं होतं.
यशोधन कोपऱ्यातले आकडे बघत होता,
मी डोळे मिटून पंखे ऐकत होतो.
दोन होते. डावीकडचा कोरडा.

‘बेअरिंग बोलतंय,’ मी म्हणालो.

तेराचे अकरा झाले.
उत्सव चौकात सिग्नलला मागून आवाज आला,
‘पप्पा, तुम्हाला कसं कळलं?’
हेल्मेटमुळे ऐकू आलं नाही असं दाखवलं,
त्याने पुन्हा विचारावं म्हणून.

रॅमच्या दोन कांड्या जोडीने चांगल्या चालतात म्हणे.
एकच घेतली. दुसरी तिसऱ्या रकान्यात,
तिथे आधीच गर्दी: मोठा मॉनिटर,
खुर्ची, कडकड वाजणारा कीबोर्ड.

आमच्या घरात हा रकाना कधी कुणी आखला नव्हता.
त्यात नीलिमाची दाढ होती, डाव्या बाजूने चावत
तिने चार वर्षं काढली;
वॉशिंग मशीन होतं,
कोरेगावच्या घरावरचे सहा पत्रे होते.
पोराने निदान रेघ सरळ मारली.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर
वर्तमानपत्र पसरून सगळं जोडलं.
स्क्रू मी दिले, एकेक, वाटीतून.
पंख्यात तेलाचा एक थेंब.
बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच.
त्याचा चेहरा मी बघितला नाही,
बघितला असता तर घाबरलो असतो.
‘कांडी नीट बसली का बघ,’ म्हणालो,
अंदाजानेच; माझ्या धंद्यात निम्मे आजार
सैल जोडाचे असतात.
त्याने दोन्ही अंगठ्यांनी दाबली. टक्.

मग तो ओरडला, शेजारच्या म्हात्रेकाकू दारात आल्या,
नीलिमाने त्यांच्याही हातावर शिऱ्याची वाटी ठेवली.

पेटी बंद करण्याआधी मी थांबवलं त्याला.
पिशवीतून लेदरॉइडचा तुकडा काढला,
मोटारीच्या खाचेत तांबं घालण्याआधी
आम्ही अंथरतो तो कागद.
वीतभराहून कमी, मापाने कापला, कडा दुमडल्या,
दुसऱ्या कांडीच्या रिकाम्या खाचेवर बसवला.

‘धूळ जायला नको.’

त्याने बोटाने चाचपून पाहिला.
‘काढायला सोपा आहे ना?’

‘आहे.’